ठाण्याचा तुरुंग, पळस्पे आणि बंडकऱ्यांच्या शिधापाण्याचा हिशोब

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दगडी तटाशेजारून रोज हजारो माणसं जातात. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी आणि 1774 मध्ये इंग्रजांनी घेतलेला. महादेव कोळ्यांच्या बंडाचे म्होरके राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी इथेच फाशी दिलं. इंग्रजांविरुद्ध बंड उभारणाऱ्या वासुदेव बळवंत फडके यांना एडनला पाठवण्याआधी इथे ठेवलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, 12 सप्टेंबर 1816 ला, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई होते. घोड्याचा खरारा करता करता एक मराठा मोतद्दार गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोचत असे. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. बिशप हेबरने पुढे ही हकीकत लिहून ठेवली. बाहेर पडल्यावर त्रिंबकजींनी डोंगर गाठला आणि भिल्ल, रामोशी, मांग अशी माणसं जमवायला सुरुवात केली.

अशा बंडकऱ्यांवरचे पोवाडे आणि भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. त्यात शौर्य असतं, फितुरी असते. पण टोळी रोज खात काय होती, झोपत कुठे होती, आणि कशामुळे एकत्र राहत होती, हे क्वचितच येतं. बंड कशाने टिकलं आणि कशाने मोडलं याचं उत्तर मात्र तिथेच आहे.

आधी धान्य. डोंगर चढउतार करणाऱ्या माणसाला दिवसाला पाऊण किलो नागली किंवा ज्वारी धरा. पन्नास जणांना रोज साडेसदतीस किलो, महिन्याला अकरा क्विंटलच्या वर. एवढं धान्य डोंगरातल्या एका वाडीतून निघत नाही, आणि निघालं तर लपत नाही. कोणाच्या जात्यावर दळलं, किती चुली पेटल्या, हे चार दिवसांत पाटलाला आणि तिथून मामलेदाराला कळतं. म्हणून मोठी टोळी फक्त मोठ्या घावासाठी जमायची आणि एरवी दहा-पंधराच्या तुकड्यांत वाड्यावस्त्यांवर पांगायची. ‘तीनशे बंडवाले वर्षभर अमुक गडावर राहिले’ असं कुठे वाचलं, तर आधी त्या गडावरच्या टाक्यांमध्ये एप्रिल-मेमध्ये पाणी किती उरतं ते विचारा. पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी माणशी पाच लिटर धरलं तरी तीनशे माणसांना रोज दीड हजार लिटर लागतं.

रामोश्यांचे म्होरके उमाजी नाईक यांनी 1820 च्या दशकात प्रबळगडाचा आसरा घेतला होता. नवी मुंबईतून पूर्वेला स्वच्छ हवेत दिसतो तोच हा डोंगर. जागा कशी निवडली बघा. वर जंगल, खाली ठाकरांच्या वाड्या, एका बाजूला पनवेलची पेठ आणि दुसऱ्या बाजूला घाट चढून जाणाऱ्या वाटा. लुटायला पेठ जवळ हवी, पण पळायला घाट त्याहून जवळ हवा.

हत्यारांबद्दलही भाबड्या कल्पना आहेत. टोळीकडे बहुतेक तोड्याच्या बंदुका. बार उडवायचा तर जळता तोडा हातात हवा. रात्री त्याचा निखारा दिसतो आणि वासही येतो. बंदुकीच्या दारूत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. दमट हवेत ही दारू ओल धरते. कोकणात जूननंतर अशी बंदूक म्हणजे लोखंडी काठीच. मग तलवार, भाला, गोफण आणि तीरकामठा एवढंच उरतं. शिवाय पावसाळा शेतीचा. राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजून ठेवलेला असतो, पाऊस लागला की नागलीची आणि भाताची आवणी. घरचा माणूस त्या वेळी शेतावर नसेल तर वर्षभर पोरंबाळं उपाशी. त्यामुळे साथीदार गळतात आणि म्होरक्या उघडा पडतो. राघोजींचे भाऊ बापू भांगरे ऑगस्ट 1845 मध्ये सापडले, सावकारांची नाकं कापणारा होन्या कोळी जुलै 1876 मध्ये, आणि फडके जुलै 1879 मध्ये. तिन्ही महिने ऐन पावसाचे. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आता लुटीचं वजन. चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. दहा हजार रुपये रोख म्हणजे जवळपास एकशे सतरा किलो. घाट चढताना माणूस पंचवीस किलो नेईल, म्हणजे पाच माणसं निव्वळ हमालीला. फडक्यांचे सहकारी दौलतराव रामोशी यांनी मे 1879 मध्ये पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखले इथे दरोडे घातले. त्या लुटीचा आकडा दीड लाख रुपयांपर्यंत सांगतात. हे सगळं नाणं असतं तर साडेसतरा क्विंटल भरलं असतं आणि सत्तर माणसं ओझ्याखाली वाकली असती. म्हणजे त्यात दागिने आणि कापडचोपडाचा वाटा मोठा असणार, किंवा आकडा फुगलेला असणार. काहीही असलं तरी इतका ऐवज घेऊन घाट चढणारी टोळी वेगाने हलू शकत नाही. परतीच्या वाटेवर इंग्रज अधिकारी मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि चकमकीत दौलतराव मारले गेले. होन्याला पकडणारा अधिकारी हाच.

दौलतराव पडले आणि फडक्यांचं बंड संपलं. फडके हे शिरढोणचे, पुण्यात लष्करी हिशोब खात्यात कारकुनी केलेले. रामोश्यांच्या वाड्या, त्यांचे सोयरे, त्यांचा धान्याचा आसरा, हे सगळं दौलतरावांच्या हातात होतं. फडक्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की साथीदारांचा डोळा लुटीच्या वाट्यावर असे आणि त्याचा त्यांना फार त्रास होई. तो त्रास खरा होता. पण रामोश्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. 1818 नंतर त्यांची गडावरची चाकरी गेली, गावराखणीचे हक्क आटले, इनामं गेली. घरचा कर्ता पुरुष डोंगरात गेला तर मागे चूल कशी पेटणार? वाटा हा त्यांचा पगार होता आणि तो वेळेवर न मिळणं म्हणजे घरी उपासमार. स्वराज्याची मोठी कल्पना आणि रोजचा पगार यांची सांगड दौलतराव घालत होते. त्यांच्यानंतर ती घालणारं कोणी राहिलं नाही. फडके श्रीशैलमला गेले, रोहिले भाड्याने उभे करायचा प्रयत्न केला, आणि देवर नावदगी इथे तापाने फणफणलेले असताना पकडले गेले.

याउलट उमाजींची माणसं भावबंद आणि सोयरीक या दोन दोऱ्यांनी बांधलेली. अशा टोळीत फितूर शिरवणं अवघड. म्हणून सरकारने आधी त्यांची बायकापोरं ताब्यात घेतली, मग माफी देऊन त्यांनाच नोकरीत घेतलं, आणि तेही टिकलं नाही तेव्हा इनाम चढवत दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमिनीपर्यंत नेलं. यातले रोख रुपये फारसे कामाचे नाहीत. डोंगरातल्या माणसाच्या हाती एकदम एवढं नाणं आलं तर ते खर्चणार कुठे आणि लपवणार कुठे? जमिनीची गोष्ट वेगळी. गेलेलं इनाम परत मिळणं हे ज्याच्यासाठी बंड केलं तेच मिळणं होतं. डिसेंबर 1831 मध्ये उमाजी भोरजवळच्या उत्रोळीत सापडले ते आतल्याच माणसांमुळे. 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात त्यांना फाशी झाली.

राघोजींचं मला सगळ्यात विशेष वाटतं. अकोले तालुक्यातलं देवगाव हे त्यांचं गाव. तिथला कडा उतरला की शहापूर-मुरबाड, म्हणजे आपला ठाणे जिल्हा. महादेव कोळ्यांची शिबंदी, म्हणजे गड राखणारी माणसं, या पट्ट्यातल्या गडांवर असे. इंग्रजांनी शिबंदी मोडली आणि अलंग-मदनसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. ट्रेकला गेल्यावर जिथे दोर लावावा लागतो, त्या कातळावर सुरुंगाच्या खुणा शोधा. राघोजींच्या लोकांचा राग मुख्यतः सावकारांवर. घरात शिरल्यावर पहिली मागणी कर्जरोखे आणि वह्यांची, कारण ते कागद जळले की कोर्टात दावा उभा राहत नाही. नाककान कापणं क्रूर होतं, ते झाकायचं कारण नाही. बापू पकडले गेल्यावर राघोजींनी मोठी टोळी ठेवली नाही. नंतरची दोन वर्षं ते हाती लागले नाहीत. 2 जानेवारी 1848 ला पंढरपुरात, वारकऱ्यांच्या गर्दीत, गेल नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना पकडलं. एकट्या माणसाचा धान्यावरून माग लागत नाही, पण ओळखीचा चेहरा लपत नाही.

‘श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटलं’ हे वाक्य मात्र जपून वापरावं. इंग्लंडातल्या रॉबिन हूडच्या सगळ्यात जुन्या गाण्यांतसुद्धा वाटपाचा भाग फार थोडा आहे, तो नंतर वाढला. आपल्याकडे वाटप होतं, पण ते आसरा देणाऱ्या वाड्यांना होतं, धान्याच्या आणि गुप्ततेच्या बदल्यात. त्याने त्या माणसांची थोरवी कमी होत नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर ठाण्याचा तुरुंग चालू कारागृह आहे, आत जाता येत नाही, तट बाहेरूनच पाहावा. पनवेलहून गोवा महामार्गाने निघालं की पळस्पे फाटा लागतो आणि पुढे कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण. तिथे फडक्यांचं स्मारक आहे. प्रबळगडाला ठाकूरवाडीतून वर जावं, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्या. पावसात निसरड्यामुळे अपघात होतात, आणि बंदी असेल तर मुकाट्याने परत फिरा.