पहिला तास गणिताचा

आमच्या शाळेचं टाइमटेबल गेली नऊ वर्षं मी करतो. पगारात त्याचा एक पैसा नाही, पण स्टाफरूममध्ये माझ्या चहात साखर घालायला कोणी विसरत नाही. जूनमध्ये तर नाहीच नाही.

सकाळची पाळी, नववी ते बारावी, दहा वर्ग. सोमवार ते शुक्रवार आठ तास, शनिवारी पाच, एकेक तास 35 मिनिटांचा. म्हणजे 450 चौकटी आणि सोळा शिक्षक. बाहेरच्यांना वाटतं विषय ओळीने मांडले की झालं. प्रयोगशाळा एकच, प्रॅक्टिकलला जोडतास लागतो, आणि अर्धी बारावी प्रयोगशाळेत असताना उरलेल्या अर्ध्या बारावीला त्याच वेळी कोणीतरी गणितात गुंतवून ठेवावं लागतं. मैदानात दोनच वर्ग मावतात. त्यात माणसांच्या अटी. एका बाईंना शेवटचा तास नको, एकांना लागोपाठ दोन नकोत, एका सरांना लागोपाठ चार हवेत, म्हणजे मग नाश्त्याला बडोद्याच्या सुरसागर तलावापर्यंत चक्कर मारता येते. तीन वर्षांपासून सॉफ्टवेअर आहे. ते क्लॅश पकडतं, रुसवे पकडत नाही. त्यामुळे मी अजूनही आधी जुन्या फळ्यावर रंगीत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या टाचण्यांनी लावतो आणि मगच कॉम्प्युटरला हात घालतो.

सगळ्यांचं बसवून झालं की जे उरतं ते 'क' तुकडीच्या पानावर पडतं. हे कोणी ठरवून करत नाही, पण दरवर्षी होतं. अ-ब-क गेल्या वर्षीच्या टक्क्यांवर पडतात. 'अ'चे पालक येऊन भांडतात, 'क'चे पालक सहीलासुद्धा येत नाहीत, कामावर असतात. मग 'क'चं गणित सातव्या-आठव्या तासाला, प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी तास, सर्वात जास्त 'क'ला, आणि मार्चमध्ये आम्हीच म्हणायचं की 'क'चं गणित कच्चं आहे.

यंदा मी हट्टाला पेटलो. नववी 'क'ला आमचे सर्वात चांगले गणिताचे सर दिले, आणि सोमवार ते शुक्रवार रोज पहिला तास. डोकं ताजं असतं तेव्हा गणित, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. 'अ'च्या वर्गशिक्षिका आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शनिवारी पहिला तास सगळ्या शाळेची सामूहिक कवायत असते, म्हणून त्या दिवशीचं गणित नाइलाजाने तिसऱ्या तासाला टाकलं. बाकी चार्ट असा जमला होता की मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

जुलैत एका पावसाळी मंगळवारी गेट-ड्यूटीचे सर आले नाहीत, म्हणून मी उभा राहिलो. 7:10 ला प्रार्थना, 7:20 ला गेट बंद. उशिरा आलेल्यांनी रजिस्टरवर नाव लिहायचं आणि घंटेखाली पोर्चमध्ये उभं राहायचं. किती वेळ, ते गेटवरच्या सरांच्या मर्जीवर. बहुतेक सर अर्धा तास गेल्याशिवाय सोडत नाहीत. याला शिस्त म्हणतात. त्या दिवशी अकरा मुलं होती, पावसाने निथळत. मी शिपायाला म्हटलं, सोड सगळ्यांना. तो म्हणाला, "सर, सुपरवायझर बाई बघतायत."

एक मुलगी भिंतीला टेकून वहीत काहीतरी करत होती. माझ्याकडे विज्ञानाला बसणारी, नववी 'क'. घरी मराठी बोलणारी, वडील खानदेशातून आलेले, मकरपुऱ्यात कारखान्यात नोकरीला.

"काय गं, रोजच उशीर?"

"पाणी सव्वासहाला येतं सर. भरून, भावाला आजीकडे सोडून निघते."

वही मागितली. गणिताची होती. मी सहज चाळायला लागलो आणि तिथेच थांबलो. एकाही उदाहरणाला सुरुवात नव्हती. प्रत्येक पानावर वरचा अर्धा भाग कोरा सोडलेला, खाली मधूनच एखादी पायरी, मग उत्तर. कोऱ्या जागेत तिने चित्रं काढली होती. घंटा, शिपायाची खुर्ची, गेटाबाहेरचा पाणीपुरीवाला, आणि ओल्या छत्र्यांचा एक ढीग, जो खरोखर चांगला जमला होता.

"वरचं नंतर उतरवते सर मैत्रिणीचं," ती म्हणाली. मग स्वतःहूनच, "शनिवारचं मात्र सगळं समजतं."

मी ते उशिराचं रजिस्टर घरी घेऊन गेलो. बहुधा ते कोणी पहिल्यांदाच उघडून वाचत असावं. जवळजवळ प्रत्येक पानावर निम्म्याहून जास्त नावं 'क' तुकडीची. साहजिकच आहे. लांबून, दोन बस बदलून तीच मुलं येतात, आणि पाण्याच्या रांगेतून, लहान भावंडं पोचवून तीच येतात. त्यात पहिला तास वर्गशिक्षकाचा, म्हणजे हजेरी, फीच्या सूचना, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार कार्डाची झेरॉक्स. वेळेवर आलेल्याच्या 35 मिनिटांतली दहा त्यात जातात. आणि उशिरा आलेल्या मुलीला शेवटची पाच-सात मिनिटं मिळाली तर मिळाली. आठवड्याचे सहा तास चार्टवर आहेत, तिच्या पदरात शनिवारचा एक तास आणि काही तुकडे. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं लिहिलेलं आहे. नववीला तो लागू नाही, पण लागू असता तरी आम्ही तो आरामात पूर्ण दाखवला असता. कारण कागदावर तास शाळा मोजते.

चार्ट मी केला होता. सातव्या तासातून उचलून तिचं गणित मी पहिल्या तासात आणलं होतं, तिच्या भल्यासाठी.

स्टाफरूममध्ये विषय काढला. पहिली प्रतिक्रिया, "यांना शिकायचंच नाहीये." हे त्या खोलीत, जिथे भिंतीवर सयाजीराव महाराजांची तसबीर आहे, ज्यांनी 1906 साली अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. दुसरी प्रतिक्रिया, गेट सोडा मग, शाळेची धर्मशाळा करा. मी म्हटलं, शाळाच उशिरा भरवू. कॅलिफोर्नियात 2022 च्या जुलैपासून कायदाच आहे, हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही, कारण त्या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. सगळे हसले. दुपारी याच बाकांवर प्राथमिकची पाळी बसते, तेव्हा हसणं बरोबरच होतं.

मग उरला माझा फळा. मंगळवारचं 9-क गणित तिसऱ्या तासाला न्यायचं, तर सर तिसऱ्याला 10-अ वर. 10-अ चं गणित पहिल्याला आणावं, मुलं वेळेवर येतात, तर तिथे इंग्रजी. इंग्रजीच्या बाईंना तिसऱ्याला ढकलावं तर त्या बारावीवर. बारावीचं इंग्रजी पाचव्याला, तर पाचवा त्यांचा एकुलता एक मोकळा तास, त्यात त्या वह्या तपासतात. एका चिठ्ठीसाठी नऊ चिठ्ठ्या हलल्या. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. त्यांचे उपकार मी इथेच मानतो, तोंडावर मानता आले नाहीत. सुपरवायझर बाईंना एवढीच काळजी, पहिल्या तासाला हजेरी कोण घेणार. चित्रकलेचे सर म्हणाले, मी घेतो, आण रजिस्टर.

सोमवार आणि शुक्रवार सुटलेच नाहीत. त्या दोन्ही दिवशी तिसरा-चौथा तास बारावीच्या प्रॅक्टिकलशी बांधलेला, सर अर्ध्या तुकडीवर. मंगळवार, बुधवार, गुरुवार एवढे तीन दिवस मिळाले. गणित तिसऱ्याला गेलं, आणि त्याच्या जागी पहिल्या तासाला दोन दिवस चित्रकला आणि एक दिवस पीटी आली. वह्या, धडे, परीक्षा, कशालाच धक्का नाही. मला वाटलं, स्वस्तात सुटलो.

ऑगस्टमध्ये परत गेटवर होतो. ती आलीच, साडेसातच्या पुढे, पायातली चप्पल हातात. मी म्हटलं, "आता काळजी नाही ना? गणित तिसऱ्याला आहे."

"हो सर," ती म्हणाली. रजिस्टरवर नाव लिहिलं, पेन परत दिलं. मग घंटेखाली जाऊन उभी राहिली.

"आत्ता काय चालू आहे वर्गात?"

"चित्रकला."