तिरपी मेणबत्ती

"तुझी तिरपी कर. पेटलेली तिरपी केली की मेण सांडतं."

काल रात्री वसईत, ईस्टरच्या जागरणविधीत, हे सांगणारे निघाले आमचे शेजारचे काका. विहिरीच्या पंपावरून दीड वर्ष आमचं बोलणं बंद. चर्चमधले दिवे मालवलेले, त्यामुळे बाजूला कोण उभं आहे हे कळलंच नव्हतं. (कळलं असतं तर बाक बदलला असता, खोटं कशाला बोलू?)

बाहेरच्या नव्या अग्नीवर पेटवलेली पास्काची (म्हणजे ईस्टरची) मोठी मेणबत्ती आत आली, तीनदा थांबली आणि तिची ज्योत हातोहात मागच्या बाकांपर्यंत पोचली. माझ्याकडे ती काकांकडूनच यायची होती.

मी तिरपी केली. दोनदा विझली. काका थांबून राहिले.

घरी येऊन बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 काढला. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर, येशूच्या अनुयायांना पकडायला निघालेल्या शौलाभोवती आकाशातून प्रकाश चमकतो आणि तिथेच तो बदलला, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण त्या प्रकाशानं तो आधी आंधळाच होतो! 3 दिवस अन्न नाही, पाणी नाही. दृष्टी येते ती हनन्यानं अंगावर हात ठेवल्यावर. आणि हनन्या कोण? ज्यांना बांधून न्यायला शौल निघाला होता, त्यांच्यातलाच एक. यायला तोही आधी कचरतो. पण आल्यावर हाक मारतो ती "शौल भाऊ" अशी.

आज सकाळी काका विहिरीवर दिसले. "हॅपी ईस्टर, काका" एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली, पंप चालू केला.

तो अर्धवट जळलेला तुकडा खिडकीत ठेवलाय. पंपाचा विषय आता मी काढू, की त्यांची वाट बघू?