१२ नॅनोमीटरचे म्हणून दिसलेले सोन्याचे कण

आठवडाभर एयूसीवर बसलेय, म्हणजे ॲनालिटिकल अल्ट्रासेंट्रीफ्यूज, आणि आज जे कळलं ते लिहून ठेवल्याशिवाय झोप नाही यायची.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण कळशीत भरून ठेवतो ना, जाड रेती लगेच तळाला जाते आणि बारीक गाळ सकाळपर्यंत तरंगतच असतो, तोच हा प्रकार. फक्त आमचे सोन्याचे कण १० नॅनोमीटरचे, ते नुसते ठेवून बसतच नाहीत, म्हणून गरगर फिरवायचे आणि फिरताना आरपार लाईट टाकून ते किती वेगाने खाली जातायत ते बघायचं. १९२४ साली स्वीडनमधल्या उप्सालाला स्वेडबर्ग आणि रिंडे या शास्त्रज्ञांनी हे मशीन मांडलं तेही अशाच कणांच्या साइझसाठी, सोन्याचे सोल, म्हणजे सोन्याचे बारीक कण तरंगणारं पाणी, त्यात होतेच, प्रोटीनचा नंबर नंतर लागला!

प्रोटीनच्या सवयीने मी पहिल्यांदा ४०,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४०,००० फेऱ्या, लावला. कण किती वेगाने खाली जातो ते सांगणारं एकक म्हणजे स्वेडबर्ग, हिमोग्लोबिन साधारण ४.५ स्वेडबर्गचं, आणि १० नॅनोमीटरचं सोनं १,००० च्या आसपास, त्यामुळे रोटर स्पीडला पोचेपर्यंत सगळं तळाशी, सेल, म्हणजे नमुन्याची छोटी डबी, उघडला तर कोकम सरबतासारखा लाल रंग गायब आणि खाली एक काळपट रेघ. मग ५,००० वर आणला, जवळजवळ दोन तास मिळाले, ५२० नॅनोमीटरच्या लाईटने स्कॅनवर स्कॅन, सुंदर.

आणि त्यात दोन पीक, म्हणजे आलेखात दोन उंचवटे, वेगवेगळ्या वेगाचे दोन गट. डीएलएसमध्ये, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून साइझ काढायच्या पद्धतीत, एकच फुगीर पीक होता, तिथे १० आणि १२ वेगळे दिसणं शक्यच नाही. इथे दुसरा पीक पहिल्याच्या साधारण १.४ पट वेगाचा, सॉफ्टवेअरने सरळ व्यास काढून दिला १२ नॅनोमीटर, मी वहीत लिहूनही टाकलं.

पण मशीन व्यास मोजत नाही हो, ते वेग मोजतं! व्यास आपण काढतो, कण गोल आहे आणि घनता सोन्याची १९.३ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) आहे असं धरून. गोल कणाचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १.४ चं वर्गमूळ घेतलं की १२ येतं, पण दोन १० चे कण एकमेकांना चिकटले तरी वस्तुमान दुप्पट, घर्षण सुमारे दीडपटीच्या जरा खाली, वेग पुन्हा तेवढाच. आज त्याच दिवशी केलेली ताजी बॅच फिरवली, दुसरा पीक नाहीच. चार दिवस ठेवलेल्या बाटलीत मात्र आहे. म्हणजे कण वाढलेले नाहीत, जोड्या झाल्यायत. वहीतलं १२ खोडलं.

पुढच्या आठवड्यात पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पॉलिमर, लावलेली बॅच. त्यात वरच्या हलक्या आवरणामुळे घनता १९.३ धरताच येत नाही, म्हणून साध्या पाण्यात आणि जड पाण्यात (ड्युटेरियमचं, जास्त घनतेचं पाणी) अशी दोनदा फिरवणारे, घनता त्यातूनच काढायची.