‘आपण कुठं त्यांच्या जमिनी घेतल्या?’

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच म्हणून लिहिते. कॅनडातल्या निवासी शाळा, जिथं मूळनिवासींची मुलं घरातून काढून नेऊन ठेवली, आपण चालवल्या नाहीत, मूळनिवासींच्या जमिनी आपण घेतल्या नाहीत. मग दवाखान्यातल्या समेटाचं, म्हणजे मूळनिवासींशी तुटलेलं नातं सांधण्याचं, ओझं आपल्यावर का? हा युक्तिवाद मीही बरीच वर्षं केला. तो खोटा नाही. पण ब्रायन सिंक्लेअरपुढे तो टिकत नाही.

सप्टेंबर २००८, कॅनडातलं विनिपेग शहर. ब्रायन, अनिशिनाबे या मूळनिवासी समाजातला पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन्ही पाय कापलेले, व्हीलचेअरवर. लघवी तुंबली म्हणून क्लिनिकनं चिठ्ठी देऊन इमर्जन्सीत पाठवलं. तिथं तो कर्मचाऱ्याशी बोलला, त्यानं कागदावर काही टिपूनही घेतलं. तरी तपासणीसाठी त्याला कुणी बोलावलंच नाही. चौतीस तास तो तिथंच बसून होता. त्याला उलट्या झाल्या. शेजारच्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं. कुणाला वाटलं प्यायलाय, कुणाला वाटलं बेघर आहे, ऊब शोधत आलाय. अखेर कुणी जवळ गेलं तेव्हा तो गेलेला होता, अंग ताठरलं होतं. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं आणि अँटिबायोटिक, एवढ्यावर भागलं असतं. २०१४च्या चौकशी अहवालात ६३ शिफारशी आल्या. पण वंशभेदाच्या मुळाशी चौकशी जात नाही, हे पाहून कुटुंब आधीच तिच्यातून बाहेर पडलं होतं.

त्याच्याकडे दुर्लक्ष करायला कुणाच्या आजोबांनी जमीन बळकावलेली असावी लागत नव्हती.

म्हणून माझं उत्तर ट्रायाजपासून, म्हणजे इमर्जन्सीत आल्या आल्या होणाऱ्या पहिल्या तपासणीपासून सुरू होतं. ‘नशेत’ असं लिहिण्याआधी रक्तातली साखर, नाडी, ताप, ऑक्सिजन. झोपलाय असं वाटलं तर हाक मारून उठवायचं, ठरल्या वेळानं पुन्हा. समुपदेशनात पहिल्याच भेटीत निवासी शाळा उकरायची नाही. नोंदी कोण वाचणार हे आधी सांगायचं, कारण सरकारी यंत्रणा मुलं काढून नेतील ही भीती आजचीच आहे. गप्प बसणं म्हणजे असहकार नव्हे. प्रेअरीतल्या, म्हणजे कॅनडाच्या गवताळ मैदानी भागातल्या, बऱ्याच मूळनिवासी समाजांत जाणत्या ज्येष्ठांना तंबाखू देऊन विनंती करतात. वॉर्डात विधी म्हणून सेज या वनस्पतीचा धूर करायचा तर स्मोक डिटेक्टरची सोय आधी लावावी लागते. आणि हेच सगळं उत्तरेकडच्या इनुइट समाजातल्या रुग्णापुढे मांडलं की चुकलंच. ती त्यांची रीत नाही.

निवासी शाळांचा इतिहास नोंदवणाऱ्या सत्य आणि समेट आयोगानं २०१५ साली ९४ आवाहनं केली. बाविसावं सांगतं, रुग्णानं मागितले तर पारंपरिक उपचार ज्येष्ठांच्या सहकार्यानं वापरा. आम्ही ज्येष्ठांना बोलावतो. पण मानसोपचारतज्ज्ञाला तासाची फी आणि ज्येष्ठांच्या हाती भेटकार्ड, असं जिथं चालतं तिथं त्याला समेट म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.