खाली गेलेली काच वर येईना: पॉवर विंडोच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

माझ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या पुढच्या दाराची काच ऐन जुलैमध्ये, गारगोटीहून कोल्हापूरला परतताना खाली गेली आणि पुन्हा वर आलीच नाही. जुलैमधला भुदरगड तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना उघड्या काचेने पुढचा प्रवास कसा झाला असेल हे वेगळे सांगावे लागणार नाही. घरी पोहोचल्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद दाराच्या चौकटीवर बाहेरून सोडून, त्याच्या कडा आत दुमडून दार लावून घेतले. दाराच्या रबरात कागद घट्ट धरला जातो आणि ओल्या पत्र्यावर न टिकणाऱ्या चिकटपट्टीवर अवलंबून राहावे लागत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांनी हा उपाय अवश्य करावा.

गाडी दुरुस्तीला नेण्यापूर्वी बिघाडाची लक्षणे नीट पाहून वहीत लिहून ठेवावीत, असे माझे मत आहे आणि या प्रसंगानंतर ते अधिकच पक्के झाले आहे. इतर तिन्ही काचा व्यवस्थित चालत होत्या. माझ्या गाडीत चारही काचांना एकच फ्यूज असल्यामुळे तो उडालेला नाही हे त्यावरून कळले. मागच्या काचा बंद ठेवण्याचे, लहान मुलांसाठी असलेले बटण दाबलेले नव्हते. चालकाच्या दारावरील स्विचाने डावी काच वरही जात नव्हती आणि खालीही जात नव्हती. डाव्या दारावरच्या स्विचाने मात्र ती नेहमीच्या वेगाने खाली जात होती, फक्त वर येत नव्हती. शिवाय, वर आणण्यासाठी तो स्विच दाबून धरला असता गाडीच्या छतातला दिवा जराही मंद होत नव्हता. काच कुठे अडकली असेल आणि मोटर जोर लावत असेल, तर ती पुष्कळ प्रवाह ओढते व आतला दिवा क्षणभर मिणमिणतो. दिवा तसाच राहतो, याचा अर्थ मोटरपर्यंत वीज पोहोचतच नाही किंवा पोहोचून परत जात नाही.

ही सगळी टिपणे घेऊन मी प्रथम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तेथील सल्लागाराने स्विच दोनदा दाबून पाहिला आणि मोटर कमजोर झाली आहे, काच वर उचलण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नाही, असे सांगितले. मोटर आणि काच मशीन (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) मिळून एकच जोडणी येते, ती संपूर्ण बदलावी लागेल आणि मजुरीसह साडेपाच हजारांच्या वर खर्च येईल, असा अंदाज त्यांनी छापून दिला. मोटरला वीज मिळते की नाही हे मोजून पाहिले का, असे मी विचारले. “मॅडम, नवीन बसवली की कळेलच,” हे त्यावरचे उत्तर होते. चाचणी म्हणून नवा भाग बसवायचा आणि त्याचे पैसे ग्राहकाने द्यायचे, ही पद्धत मला मान्य नाही. काच वर आणायला अधिक ताकद लागते हे खरे असले, तरी कमजोर मोटर निदान घरघरते, काच थोडी तरी हलवते. इथे तर संपूर्ण शांतता होती. मी अंदाजपत्रक घेऊन परत आले.

त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकचा कागद बदलताना डावे दार अर्धवट उघडे होते आणि पाहावे म्हणून मी स्विच दाबला, तर काच चार बोटे वर आली आणि थांबली. दार थोडे हलवले, तेव्हा आणखी दोन बोटे आली. दाराच्या कोनाशी मोटरच्या ताकदीचा काही संबंध असू शकत नाही. दोष तारेत आहे, अशी माझी खात्री तिथेच झाली.

आमच्याकडे उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, “ताई, गाडी पुरात होती काय?” 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कोल्हापुरात विजेच्या कोणत्याही दुरुस्तीची सुरुवात याच प्रश्नाने होते, कारण पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या स्विचांत आणि कपलरांत, म्हणजे तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लगांत, गंज धरतो आणि तो पुढे बऱ्याच काळाने त्रास देतो. माझी गाडी पुराच्या पाण्यात कधीच नव्हती. मग मी वही उघडून लक्षणे वाचून दाखवली आणि दार अर्धे उघडल्यावर काय होते तेही सांगितले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मोटर बरी असणार. पण आधी बघू, मग बोलू.”

दाराचे आतले पॅड काढण्याचे काम नाजूक असते. हात धरण्याच्या खाचेतला आणि कुलपाच्या कडीमागचा असे लपलेले स्क्रू आधी काढावे लागतात आणि मग पॅडच्या कडेने रुंद प्लॅस्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवावी लागते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला तर पॅडची कड आणि क्लिपा दोन्ही तुटतात. मामांनी सर्व क्लिपा शाबूत काढल्या. त्यानंतर मोटरचा कपलर सुटा करून, दुकानातल्या सुट्या बॅटरीवरून दोन तारा थेट मोटरला लावल्या. काच सरळ वरपर्यंत गेली. तारांची अदलाबदल केली, तशी ती खाली आली. ही मोटर साध्या डीसी प्रकारची असते, प्रवाहाची दिशा उलटली की फिरण्याची दिशा उलटते, एवढेच तिचे काम. त्यामुळे मोटर आणि काच मशीन दोन्ही निर्दोष आहेत हे पाच मिनिटांत सिद्ध झाले. सर्व्हिस सेंटरला हीच चाचणी करता आली असती, याचे मला आजही वाईट वाटते, कारण सगळ्याच ग्राहकांना पर्याय शोधायला वेळ मिळत नाही.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण काच फक्त खालीच का जात होती याचे उत्तर त्यात आहे. माझ्या गाडीत चालकाच्या स्विचापासून डाव्या दारापर्यंत काचेसाठी दोन तारा येतात, एक ‘वर’ची आणि एक ‘खाली’ची. कोणीही स्विच दाबलेला नसताना या दोन्ही तारा चालकाच्या स्विचातून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. डाव्या दारावरच्या स्विचाला बॅटरीचा प्रवाह देणारी तिसरी तार वेगळी असते. डाव्या बाजूला बसलेल्या माणसाने स्विच दाबला, की मोटरच्या एका टोकाला त्या तिसऱ्या तारेतून प्रवाह मिळतो, परंतु दुसऱ्या टोकाला परतीची वाट चालकाच्या स्विचापर्यंत जाऊनच सापडते. काच खाली नेताना प्रवाह ‘वर’च्या तारेतून परततो आणि काच वर आणताना ‘खाली’च्या तारेतून. माझ्या दाराची ‘खाली’ची तार तुटलेली होती. म्हणून डाव्या स्विचाने काच खाली जात होती, वर येत नव्हती, आणि चालकाच्या स्विचाला दोन्ही दिशांसाठी दोन्ही तारा लागत असल्यामुळे तिकडून काहीच हालचाल होत नव्हती. वहीत लिहिलेली सगळी लक्षणे या एका तुटलेल्या तारेने उलगडली, याचा मला फार आनंद झाला.

मामांनी हे नुसते तर्काने मांडले नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावून त्यांनी दारातल्या कपलरवर दोन्ही तारा तपासल्या. एकीवर दिवा लागला, दुसरीवर लागला नाही. दार पुढे-मागे केले, तेव्हा दुसरीवरचा दिवा लुकलुकला.

दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये, बिजागरांच्या जवळ, घडीघडीची रबरी नळी असते आणि दारात जाणाऱ्या सर्व तारा तिच्यातून जातात. दार उघडताना आणि लावताना त्या प्रत्येक वेळी वाकतात. बॅटरीचे टोक सोडून मामांनी ती नळी मागे सरकवली, तेव्हा एका तारेचे आवरण फाटून आतले तांबे हिरवट पडलेले आणि तुटलेले दिसले. शेजारच्या आणखी एका तारेच्या आवरणाला तडे गेले होते. त्यांनी दोन्ही तारा स्वच्छ, चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापल्या आणि त्याच जाडीची, बारीक धाग्यांची लवचीक तार मध्ये जोडली. सांधे रबरी नळीत येणार नाहीत, एक दाराच्या आत आणि एक सांगाड्याच्या आत राहील, याची त्यांनी विशेष काळजी घेतली. डाग दिलेली (सोल्डर केलेली) जागा कडक होते आणि वाकणाऱ्या भागात ठेवली तर तिच्या कडेलाच तार पुन्हा तुटते. सांध्यांवर गरम करून आवळणारी नळी चढवली, काळी टेप लावली नाही, कारण उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते.

पॅड परत लावण्यापूर्वी दाराच्या पत्र्यावरचा प्लॅस्टिकचा पडदा त्याच्या काळ्या चिकट गोंदासह पूर्वीसारखा सर्व बाजूंनी दाबून बसवणे आवश्यक असते. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे आणि गाडीत येऊ नये, यासाठी तो पडदा असतो. घाईच्या दुरुस्तीत तो फाडून टाकतात आणि मग पायाखालचा गालिचा ओला का राहतो हे मालकाला कळत नाही. तळाची छिद्रे मातीने बुजली होती, ती मी स्वतः बांबूच्या काडीने मोकळी केली. काच ज्या रबरी खोबणीतून सरकते, ती ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून मामांनी तिच्यात सिलिकॉनचा फवारा दिला. तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटून काच अधिकच जड चालते.

बॅटरी परत जोडल्यावर चालकाच्या काचेची एकदा दाबताच पूर्ण वर जाण्याची सोय बंद पडल्याचे दिसले. ती मोटर आपली वरची मर्यादा विसरते, म्हणून काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच वर ओढून धरावा लागतो. गाडीच्या पुस्तिकेत ही रीत दिलेली आहे आणि त्याप्रमाणे केल्यावर ती काच पूर्ववत चालू लागली.

मामांनी घेतलेली मजुरी सर्व्हिस सेंटरच्या अंदाजाच्या पाव भागाहूनही कमी होती. मी त्यांना चालकाच्या दाराची रबरी नळीही उघडून पाहायला सांगितले, कारण सर्वांत जास्त वेळा उघडते ते तेच दार आणि सर्वांत जास्त ताराही त्यातूनच जातात. त्या तारांची आवरणे अजून मऊ होती, तडे नव्हते. नळीचे एक टोक मात्र सांगाड्याच्या भोकातून निसटले होते आणि तिथून पाणी आत जाण्याची शक्यता होती. मामांनी ते टोक पुन्हा खाचेत बसवून दिले.