दोन पानं आणि एक थकहमी

मार्च २०१६ मधली गोष्ट. रविवारी रात्री जेवणं उरकून मिशिगनमधल्या फ्लिंटचा वादविवाद बघत बसलो होतो, अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांचा. फ्लिंट आमच्या घरापासून तासाभरावर. पाण्यातल्या शिशानं गावाची दैना झालेली, म्हणून सगळं बोलणं त्यावरच होईल असं वाटलं होतं. तर मध्येच हिलरीबाईंनी काढलं, २००८ च्या मंदीत बुडणाऱ्या मोटार कंपन्या वाचवायच्या पैशाला सँडर्स यांनी विरोध केला होता. म्हातारबा भडकले. "मी मोटारींच्या बाजूनंच मत दिलं, तुम्ही म्हणता तो पैसा वॉलस्ट्रीटच्या बड्या बँकांच्या घशात घालायचा होता!" बायको म्हणाली, "दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलतंय." मलाही तसंच वाटलं. आपल्याला सवयच तशी.

सोमवारी संध्याकाळी शेजारचे आजोबा दारात उभे. जनरल मोटर्सच्या लाइनवर तीस वर्षं काढलेला माणूस. "तुझा प्रिंटर चालतोय ना?" सिनेटच्या, म्हणजे इथल्या वरिष्ठ सभागृहाच्या संकेतस्थळावरची, कोणी कसं मत दिलं त्याची दोन पानं हवी होती. तेव्हा दोघंही सिनेटर होते. उद्या पक्षाचा उमेदवार निवडायला मत द्यायचंय, त्याआधी नीट वाचायचंय म्हणे.

पहिलं पान ११ डिसेंबर २००८ चं. मोटार कंपन्यांना कर्ज देणारं विधेयक पुढे सरकायला ६० मतं हवी होती, मिळाली ५२. सँडर्स आणि क्लिंटन, दोघांच्याही नावापुढे 'हो'. दुसरं पान १५ जानेवारी २००९ चं. सँडर्स 'हो', क्लिंटन 'नाही'.

"मग झालं की," मी म्हटलं, "सँडर्सच खरे."

आजोबांनी काही न बोलता ठरावाच्या नावावर बोट ठेवलं. ठराव पैसे देऊ नयेत असा होता! म्हणजे 'हो' म्हणणारा नको म्हणत होता आणि 'नाही' म्हणणारीनं पैसे सोडा म्हटलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं. बरं, पैसे कसले? ७०० अब्ज डॉलरच्या निधीतला उरलेला निम्मा हप्ता. निधी मुळात बँकांसाठी काढलेला, सँडर्स ऑक्टोबरपासूनच त्याच्या विरोधात. पण डिसेंबरात ते विधेयक अडकलं, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी याच निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला १७.४ अब्ज जाहीर केले, आणि त्यातले शेवटचे ४ अब्ज या दुसऱ्या हप्त्यावर लटकलेले. आता बोला. बाई खोटं बोलल्या नाहीत, पण अर्धंच बोलल्या. म्हातारबांचंही तेच.

मला खरं अप्रूप त्या यादीचं. सात वर्षांपूर्वी कोणी काय म्हटलं ते नावानिशी, आणि एक निवृत्त कामगार चष्मा लावून ते वाचतोय. आपल्याकडे बरंचसं आवाजी मतदानात उरकतं. नावानिशी झालंच तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा व्हिप मोडला की खासदारकीवर गदा. मग माझ्या खासदाराचं असं स्वतःचं मत ते काय? पण हेही आहे, की एकेकाला मोकळं सोडलं तर आपल्याकडे खासदारांचा बाजार भरेल. भरायचा म्हणूनच तर कायदा आला. ऑफिसात कोणी नाक मुरडलं की मी हेच ऐकवतो, आणि ते चूक नाही.

आणि इथल्या मताचं कौतुक करणाऱ्या मला स्वतःला मत नाही. दहा वर्षं कर भरतोय, ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे.

२००९ चा तो हिवाळा मात्र विसरलो नाही. आमची कंपनी सुटे भाग पुरवते. टेबलं रिकामी होत होती. एच-वन व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेली की सामान बांधणंच उरतं. पुण्याला परतायचं तर चाकणला तरी कोण उभं करणार होतं तेव्हा? मार्चमध्ये सरकारनं पुरवठादारांसाठी ५ अब्जांपर्यंतची सोय केली, मोठ्या कंपन्यांकडे अडकलेल्या बिलांना सरकारी हमी. तीही त्याच निधीतून. मी राहिलो.

मंगळवारी मिशिगनमध्ये सँडर्स जिंकले, जेमतेम दीड टक्क्यानं. मतदानाआधीच्या चाचण्यांत हिलरीबाई कितीतरी पुढे होत्या. आजोबांनी कोणाला मत दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे सगळं बाबांना फोनवर रंगवून सांगितलं. बाबा उसाचे शेतकरी, कारखान्याचे सभासद. कारखान्याला सरकारनं थकहमी दिली तेव्हा मी त्यांच्याशी कचकचून भांडलो होतो, करदात्यांच्या पैशावर किती दिवस पोसायचं म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या कंपनीला पैसे दिले सरकारनं?"

"थेट नाही हो. नुसती बिलांना हमी होती."

"थकहमीच की रे मग," बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.