इझम-संग्रह: कप्प्यांची फेरमांडणी

सध्या नवे शब्द गोळा करणं बंद ठेवलं आहे. ‘-इझम’ने संपणारी जी इंग्रजी नामं कार्डांवर आली आहेत, ती पुन्हा तपासून नव्या कप्प्यांत लावायचं काम चालू आहे. जुनी मांडणी विषयवार होती: राजकारण, धर्म, कला, वैद्यक. ती पदोपदी अडायची. मॅग्नेटिझम विज्ञानात ठेवला, तर एखाद्याच्या व्यक्तिमत्त्वातला मॅग्नेटिझम कुठे ठेवायचा? क्रिटिसिझम तर कुठल्याच एका विषयाचा नाही. म्हणून आता कप्पा ठरतो तो एकाच प्रश्नावरून: शेपूट काढल्यावर उरणारा मूळ शब्द अर्थात नेमकं काय काम करतो?

मार्क्सिझममध्ये मार्क्स हे विचार मांडणारे. हीरोइझममध्ये हीरो म्हणजे तो गुण अंगी असणारा. अल्कोहोलिझममध्ये अल्कोहोल हे अपाय करणारं द्रव्य. सेक्सिझममध्ये लिंग हा भेदभावाचा आधार. आणि स्पूनरिझममध्ये, म्हणजे दोन शब्दांच्या सुरुवातीच्या ध्वनींची चुकून अदलाबदल होण्यात, ऑक्सफर्डचे बिचारे स्पूनर फक्त नावाचे धनी. पाचही ठिकाणी प्रत्यय तोच. ‘इझम म्हणजे काय’ या प्रश्नापाशी घुटमळण्यापेक्षा मूळ शब्दाची भूमिका विचारली की कार्डं भराभर लागतात.

गाळणी

कुठलीही साधी इंग्रजी शब्दयादी स्प्रेडशीटमध्ये एका स्तंभात घ्या. शेजारच्या स्तंभात राइट सूत्राने शेवटची तीन अक्षरं काढा आणि आय-एस-एम असलेले शब्द तेवढे ठेवा. मग प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग उलटं करून त्यावर अकारविल्हे लावा. -इसिझम, -अलिझम, -एरियनिझम असे गट आपोआप एकत्र येतात आणि तपासणी निम्म्यावर येते.

पुढची चाळण हातानेच करावी लागते. अँटी-, निओ-, स्यूडो- लावून झालेले शब्द मुळाच्या कार्डावरच एका ओळीत लिहा, वेगळं कार्ड नको. पोस्टमॉडर्निझमसारख्याला स्वतःचा अर्थ आहे, त्याला सूट. २८ अक्षरी अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम प्रत्येक नवा संग्राहक उत्साहाने आणतो. चर्चला शासनापासून वेगळं काढायला विरोध, हा त्याचा अर्थ खरा आहे, पण हा शब्द कामापेक्षा लांबी दाखवायलाच जास्त वापरला जातो.

प्रिझम आणि स्किझम बाहेर काढा. दोन्हींत प्रत्यय इझम नाहीच. ग्रीक ‘प्रिझेइन’ म्हणजे करवतणं, त्याला ‘-मा’ लागून प्रिझ्मा, करवतून काढलेली वस्तू. ‘स्खिझेइन’ म्हणजे चिरणं, त्यावरून स्किझम, फूट. दोन्हींतला एस मुळातल्या क्रियापदाचा आहे, प्रत्ययाचा नाही.

याउलट गोंधळ कानाने यादी करणाऱ्यांचा होतो. कॅटॅक्लिझम, पॅरॉक्सिझम, ॲन्युरिझम देवनागरीत लिहिले की हुबेहूब इझमवाले दिसतात. इंग्रजीत तिथे आयच्या जागी वाय आहे आणि तो मूळ शब्दातूनच आलेला आहे. सार्कॅझम, एन्थुझिॲझम हे मात्र चुलतभाऊ: ग्रीकमध्ये ‘-इझेइन’ क्रियापदांवरून ‘-इस्मॉस’ नामं झाली, तशीच ‘-आझेइन’वरून ‘-आस्मॉस’. त्यांची छोटी वेगळी पेटी ठेवली तर हरकत नाही.

कार्डावरच्या ओळी

शब्द आणि देवनागरीत उच्चार, जोर कुठल्या अवयवावर (सिलेबलवर) ते दाखवून. मूळ शब्द आणि त्याची भाषा. मूळ शब्दाची भूमिका. एका मराठी वाक्यात अर्थ. त्या इझमचा माणूस. पहिल्या वापराचं साल, आणि ते साल नक्की कशाचं आहे ते.

जोराचं सांगायचं तर इझमवर मुख्य जोर पडत नाही, तो मूळ शब्दात जिथे असेल तिथेच बहुधा राहतो. ठळक अपवाद कॅथलिक: जोर पहिल्या अवयवावरून दुसऱ्यावर सरकतो आणि ‘कथॉलिसिझम’ होतं. -इकने संपणाऱ्या शब्दांत क चा स होतो, क्रिटिक-क्रिटिसिझम, स्टोइक-स्टोइसिझम. हे नियमित असल्यामुळे दर कार्डावर लिहायची गरज नाही.

‘वाद’ची अडचण

अर्थाच्या ओळीत ‘वाद’ हा शब्द वापरायचा नाही, असा नियम आता लावला आहे. सोशलिझम समाजवाद, रिअॅलिझम वास्तववाद, एक्झिस्टेन्शिअलिझम अस्तित्ववाद हे ठीकच. पण ‘वाद’ लिहिला की अर्थ लिहिल्यासारखं वाटतं आणि कार्ड रिकामंच राहतं. शिवाय मराठी स्वतः एका प्रत्ययावर थांबत नाही. कॅपिटॅलिझमची भांडवलशाही होते, टूरिझमचं पर्यटन, जर्नालिझमची पत्रकारिता, प्लेजिअरिझमचं वाङ्मयचौर्य, ॲथिइझमची नास्तिकता, मॅनरिझमची लकब, मेटाबॉलिझमचा चयापचय आणि बुद्धिझमचा सरळ बौद्ध धर्म. रूमॅटिझमला संधिवात म्हणतात, पण तो वात, वाद नव्हे.

एक कार्ड नमुन्यादाखल. ऑस्ट्रासिझम. उच्चारात जोर ‘ऑस्’वर. मूळ ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’, खापराचा तुकडा. भूमिका: कृतीचं साधन. अर्थ: एखाद्याला समाजातून वाळीत टाकणं; मुळात, प्राचीन अथेन्समध्ये नागरिकांनी खापरांवर नाव कोरून मतदान करायचं, किमान ६००० खापरं पडली तर ज्याचं नाव सर्वांत जास्त त्याने १० वर्षं शहर सोडायचं. मालमत्ता मात्र जप्त होत नसे. माणूस: काहीच नाही, ऑस्ट्रासिस्ट म्हणत नाहीत. क्रियापद ऑस्ट्रसाइझ. खापराने माणूस बाहेर जातो, पण शब्दात माणूसही नाही आणि बाहेर काढणंही नाही, फक्त खापर आहे. भूमिकेची ओळ वेगळी का लागते ते इथे दिसतं.

कप्पे

कृतीचा कप्पा सर्वांत जुना. बॅप्टिझम, ऑस्ट्रासिझम, क्रिटिसिझम, प्लेजिअरिझम. चाचणी सोपी: -आइझ लावून त्याच अर्थाचं क्रियापद मिळतं का? बॅप्टाइझ, क्रिटिसाइझ, प्लेजराइझ मिळतात. पण ही चाचणी आंधळेपणाने वापरू नका. सोशलाइझ म्हणजे समाजवाद आणणं क्वचितच, बहुधा लोकांत मिसळणं. रिअॅलाइझचा वास्तववादाशी संबंध नाही. नॅचरलाइझ म्हणजे नागरिकत्व देणं, नॅचरलिझम वेगळंच. क्रियापद मिळालं तरी अर्थ जुळला पाहिजे.

विचारसरणीचा कप्पा मोठा, पण कंटाळवाणा. तिथे भूमिका दोनच: मूळ शब्द एक तर विचार मांडणारा असतो, नाही तर ज्याला महत्त्व दिलं जातं ते.

व्याधी आणि विषबाधेचा कप्पा मात्र सगळ्यांत रंगतदार. यात मूळ शब्द बहुधा गुन्हेगार असतो. स्वीडिश डॉक्टर माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये अल्कोहोलिझम नाव रूढ केलं. प्लंबिझम म्हणजे शिशाची विषबाधा, लॅटिन ‘प्लंबम’ म्हणजे शिसं. शिशाची रासायनिक खूण पीबी आणि नळ जोडणारा प्लंबर त्याच मुळाचे. मर्क्युरिअलिझम पाऱ्याची बाधा. अर्गॉटिझम राय धान्यावरच्या बुरशीची. बॉट्युलिझमचं मूळ लॅटिन ‘बॉट्युलस’, म्हणजे सॉसेज: जर्मनीत खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेवरून नाव पडलं. आज ती नीट न टिकवलेल्या डबाबंद भाज्यांतूनही होते, सॉसेज फक्त नावात उरलं.

याच कप्प्यात ॲस्टिग्मॅटिझम आहे, तो विषबाधा नव्हे. ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू आणि पुढचा ‘ॲ’ नकाराचा: डोळ्यातले किरण एका बिंदूत न मिळणं. हा शब्द ब्रिटिश विद्वान विल्यम ह्यूएल यांनी घडवला, ‘सायंटिस्ट’ही त्यांचाच. ऑटिझमच्या कार्डावर दोन अर्थ लिहावे लागतात. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास तो शब्द स्किझोफ्रेनियातल्या स्वतःत मिटून जाण्याच्या लक्षणासाठी योजला. आजचा अर्थ पुढे घडला.

भाषिक लकबींच्या कप्प्याला अनेकवचनाची चाचणी लावा. अमेरिकनिझम्स, विटिसिझम्स (चतुर शेरे), ट्रुइझम्स (उघड सत्यं) सहज म्हणता येतात, कारण प्रत्येक म्हणजे एक सुटा नमुना. अमेरिकनिझम १७८१ मध्ये जॉन विदरस्पून यांनी स्कॉटिसिझमच्या धर्तीवर घडवला. विटिसिझम इंग्रज कवी ड्रायडन यांचा, १६७७. ‘विटी’ या इंग्रजी विशेषणाला सरळ इझम लागून ‘विटिइझम’ व्हायला हवं होतं. मधला ‘सि’ क्रिटिसिझमच्या नकलेतून आला. चाचणीत ऑर्गॅनिझम्सही उत्तीर्ण होतात, ते हाताने बाजूला काढा. मॅलप्रॉपिझम, म्हणजे हव्या त्या शब्दाऐवजी तसाच ऐकू येणारा भलताच शब्द वापरणं, शेरिडन यांच्या १७७५ च्या नाटकातल्या मिसेस मॅलप्रॉपवरून, तो इथेच. सोलसिझम, म्हणजे व्याकरणाची चूक, आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन किलिकियामधल्या सोलॉय गावाच्या ग्रीक बोलीला हसण्यावरून आला.

भेदभावाचा कप्पा सर्वांत तरुण. रेसिझम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, एजिझम (वयावरून भेदभाव) रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये आणला, स्पीशीझिझम (प्राण्यांच्या प्रजातीवरून भेदभाव) रिचर्ड रायडर यांनी १९७० मध्ये. इथे नवशिके हमखास घसरतात. फेमिनिझममध्ये मूळ शब्द ज्यांच्या बाजूने बोलायचं त्यांचा आहे, सेक्सिझममध्ये ज्या निकषावर अन्याय होतो तो आहे. दोन्हींची कार्डं शेजारी ठेवून भूमिकेची ओळ वाचा, घोळ राहत नाही.

गुणांचा कप्पा लहान: हीरोइझम, पॅट्रिअटिझम, स्टोइसिझम. बाकी विशेष काही नाही.

सालांचे सापळे

सालासमोर ते कशाचं आहे हे लिहिलं नाही, तर कार्ड फसवतं. व्हँडलिझम समोर ४५५ लिहिलेलं अनेकदा दिसतं. ते व्हँडल टोळ्यांनी रोम लुटल्याचं साल. शब्द मात्र फ्रेंच क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, धर्मगुरू आबे ग्रेग्वार यांनी कलावस्तूंच्या मोडतोडीविरुद्ध वापरात आणला. मूळ नावाचं साल आणि इझमचं साल यांत तेराशे वर्षांहून जास्त अंतर आहे.

जिंगोइझममध्ये, म्हणजे युद्धखोर देशाभिमानात, तीन थर आहेत. ‘बाय जिंगो’ ही जुनी शपथ. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या वेळी ती लंडनच्या एका गाण्यात आली. त्याच वर्षी जॉर्ज होलिओक यांनी युद्धखोरांना जिंगो म्हटलं. सेक्युलरिझम हा शब्दही त्यांचाच, १८५१ चा. एकाच माणसाने एक शब्द स्वतःच्या बाजूसाठी घडवला आणि दुसरा विरोधकांसाठी.

त्यामुळेच कार्डाच्या कोपऱ्यात आता एक खूण वाढवली आहे: नाव ठेवणारा आतला की बाहेरचा. इम्प्रेशनिझम १८७४ मध्ये समीक्षक लुई लरॉय यांच्या टिंगलीतून रूढ झाला. फॉव्हिझम आणि क्युबिझम या चित्रकलेतल्या दोन्ही पंथांच्या नावांच्या मुळाशी समीक्षक लुई व्होसेल यांचे शेरे आहेत, १९०५ आणि १९०८ चे. फ्युचरिझमचं बारसं मात्र इटालियन कवी मारिनेत्ती यांनी १९०९ मध्ये स्वतः जाहीरनामा काढून केलं. मॅकार्थीइझम, म्हणजे अमेरिकी सिनेटर मॅकार्थी यांची कम्युनिस्टविरोधी मोहीम, हा शब्द १९५० चा, हरब्लॉक यांच्या व्यंगचित्रातून पुढे आलेला, अर्थातच बाहेरचा. ‘इझम’ हा सुटा शब्दच इंग्रजीत १६८० पासून मिळतो, आणि त्याचा सूर बहुधा तिरकसच असतो.

माणसाची ओळ

इझमच्या जागी इस्ट लावला की माणूस मिळतो, हा समज अर्धाच बरोबर. सोशलिस्ट, बुद्धिस्ट, टूरिस्ट मिळतात. पण व्हँडलिझमचा व्हँडल, हीरोइझमचा हीरो, सिनिसिझमचा सिनिक, कॅथलिसिझमचा कॅथलिक, जैनिझमचा जैन, अल्कोहोलिझमचा अल्कोहोलिक. मूळ शब्द आधीच माणसाचा असेल, तर इस्ट लागत नाही, असं बव्हंशी म्हणता येतं. बॅप्टिस्ट हा खरा सापळा. शब्द आहे, पण बहुधा तो एका विशिष्ट ख्रिस्ती पंथाचा सदस्य. बाप्तिस्मा देणारा हा अर्थ मुख्यतः बायबलमधल्या जॉनपुरता उरला आहे.

राहिलेलं

जोड्यांची कार्डं अजून लागायची आहेत. इगोइझम आणि इगोटिझम: पहिला स्वहित हाच आचरणाचा पाया मानणारा विचार, दुसरा उठताबसता ‘मी मी’ करणं. मधला टी विसरला की कप्पाच बदलतो. थिइझम आणि डीइझम: मूळ शब्द ग्रीक ‘थेऑस’ आणि लॅटिन ‘देऊस’, दोन्हींचा अर्थ देव. पण थिइझमचा देव जगात लक्ष घालतो, डीइझमचा देव जग निर्माण करून बाजूला होतो. इथे भूमिकेची ओळ दोन्हींत सारखीच येते, म्हणून फरक अर्थाच्या ओळीतच स्पष्ट लिहावा लागणार. त्यानंतर मोठ्या आणि लहान अक्षराच्या जोड्या: मोठ्या एसचा स्टोइसिझम म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ झेनोची विचारशाळा, लहान एसचा म्हणजे निमूट सोसणं. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षरवाल्या कार्डाची वरची कड लाल पेनने रंगवायची.